विहिरीतले लाल बेडूक

नईम, मनामा
९ मार्च १९८३

सौ. सत्यवतीस,
बहरीनहून बाळाजीचे आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं.

बेडकांबद्दल मी चुकलो. भडक रंगाचा बेडूक विषारी असतो, तो रंग म्हणजे 'मला खाऊ नका' अशी ताकीद, हे पुस्तकात वाचून मी तुला विहिरीचं पाणी बंद करायला लावलं. पण तो रंग अंगचाच असतो. आपल्या बेडकांच्या मांड्या आणि पोटं लाल झाली ती रोगाने. हे त्याच पुस्तकात, पुढच्या प्रकरणात आहे. ते न वाचताच मी लिहिलं होतं.

तू कळवलं होतंस, "अहो, हे आपलेच मातकट बेडूक, महिन्याभरात लाल झालेत." त्यावर मी लिहिलं, "तुला त्यातलं काय कळतंय!" तुला बरोबर कळलं होतं.

शेजारच्या शिवदासकडून मेलेले बेडूक काढून विहीर उपसून घे. पाणी उकळून प्या. ओढ्यावरून हंडे आणणं आजच थांबव. तुझी कंबर खरंच बरी आहे, की मला बरं वाटावं म्हणून तसं लिहितेस?

मागचं पत्र तू अंगणात वाचून दाखवलंस, म्हणून साऱ्या वाडीने विहीर सोडली. हेही तिथेच, सगळ्यांसमोर वाच.

तुझा,
बाळाजी