चिंगीच्या हातांचं मीच ठरवणार

९ जानेवारी १९६७, भिलाई
आणि आई पुन्हा तेच करून बसली! दिवाळीला बजावून आलो होतो, धाकट्या बहिणीच्या, चिंगीच्या दुखण्याचं मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. तर नेली लोणावळ्याला डॉक्टरणीकडं. वाडीच्या शाळेतल्या भिमाजी मास्तरांनी आईच्या वतीनं लिहिलंय: राखणीचं कुत्रं घरच्यालाच चावावं तशी अंगातली राखणच उलटलीय, म्हणून सांधे सुजतात. उपाय दोन. गोळ्या: आठवड्यात आराम, पण तोंड सुजतं, पुढं हाडं ठिसूळ. नाहीतर सोन्याच्या औषधाची सुई: दर सोमवारी, गुण यायला तीन-चार महिने. आणि डॉक्टरीण चिंगीलाच विचारते, तुला काय पाहिजे? अठरा वर्षांची पोर! येत नसेल तर फी कशाची घेते?
घरात कर्ता मी. चौथी शिकलेला.

११ जानेवारी
ठरवलं. गोळ्या. पत्र टाकलं. डोक्याचा ताप गेला.

२२ जानेवारी, रविवार
ताप आहेच. तोंड सुजलं तर बहिणीला पत्करणार कोण? कारखान्याच्या कंपाउंडरला दोन चहा पाजले. तो म्हणतो, मरीज से पूछो. ह्यालाही काही येत नाही.
अर्जंट तार केली. गोळ्या बंद, सुई घ्या. आता बदल नाही.

२६ जानेवारी, सुट्टी
उत्तर नाही. दुखण्यांवरचं जुनं हिंदी पुस्तक घेतलं, आठ रुपये. सांध्यांचं पान फाटलेलं.
दिवाळीला चिंगी माझी वळकटी बांधायला बसली होती. दरवेळी तीच बांधते. दोरी ओढवेना. म्हणाली, दादा, आज तूच बांध, मी बघते जमतंय का. हसत होती. मी गाडी चुकेल म्हणून खेकसलो.
पगाराला शंभर रुपये धाडणार. नक्की.

३ फेब्रुवारी
मास्तरांचं पत्र. तार बघूनच आईनं हंबरडा फोडला. वाडीत तार आली म्हणजे माणूस गेलं. मीच गेलो असं धरून सगळे दारात. शेजारच्या सावित्राबाई मावशीनं सुतक म्हणून आमची चूलसुद्धा विझवली. मास्तर येऊन वाचेपर्यंत मळवली स्टेशनातून चिंगीची लोणावळ्याची गाडी निघून गेली. सोमवार होता. सुईचा.
म्हणजे सुई चालूच होती? मला न विचारता?
आणि माझ्यामुळं एक चुकली. नाही, पोस्टामुळं. तार मंगळवारी दिली असती तर काय बिघडलं असतं?

१४ फेब्रुवारी
चिंगीचं पत्र. तिच्या हातचं! अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण तिचंच.
"दादा, तुझं पत्र यायच्या आधीच ठरलं. डॉक्टरीणबाईंनी इचारलं, हातांनी काय करायचंय तुला? मी म्हनलं, भाकरी थापायचीय, भाताच्या आवणीला जायचंय. मग आमी दोघींनी ठरवलं, सुई लागू पडंपर्यंत थोडी गोळी. तोंड सुजलंय. लग्नाचं बघू, आदी हात पायजेत. परत तार करू नको, आई खरंच मरंल. मत बी नको धाडू. मला डोलीतून मळवलीला न्यायला बुधा आन् बारकू लागतात, त्यांची रोजी बुडती. त्यापायी आनिक एक सोमवार हुकला. तेवढी रोजी धाड."
दोन्ही एकदम घेता येतं हे मला कुणी सांगितलंच नाही.
मी तरी कुणाला विचारलं?
मनीऑर्डर केली. मजकुराच्या जागेत लय लिहायचं होतं. कोरीच सोडली.
शंभर काही जमले नाहीत. रुपये अकरा.