गजाननने नेलेलं सीट

मंगळवार, १२ जानेवारी १९५४

उद्या गजानन आणि मी सायकलने नागपूरला निघणार होतो. त्यासाठी बायकोने माझ्या हाफपँटला आतून कापसाची गादी शिवली. आणि दोन वर्षं बसून बसून मऊ केलेलं माझं चामड्याचं सीट गजाननने परवा तेल लावायला म्हणून नेलं.

आज आणायला गेलो. दारात त्याची आई. "तो तं सकाळीच गेला ना बाबू नागपूरले, शाळेच्या मास्तरसंगं. तुले सांगतलं नाही का?"

माझ्याच सीटवर बसून! मागितलं असतं तर दिलं नसतं का मी? मग काऊन लपवलं?

त्याचं टणक नवं सीट ती माझ्या हातात देत होती. तिथेच ओट्यावर ठेवून आलो.

बायको म्हणाली, "मंग गादी उसवू?"

"नको. एकटा जाईन."

कशाला बोललो? सायकलला सीटच नाही.