फोरमनची बाजू

३ मार्च २०२५, सोमवार
टीममधले सगळे संध्याकाळी चायनीज फिल्म बघायला गेले. मला कोणी विचारलं नाही. नऊ वर्षं परदेशात, आंग मो किओ भागातल्या या ऑफिसात टेस्टिंग मॅनेजर आहे. मँडरिन येत नाही, एवढंच. अंकुर मात्र गेला. त्याला पुण्याहून मीच निवडून आणलं. त्याला तरी कुठे मँडरिन येतं? म्हणाला, खाली इंग्लिश सबटायटल्स असतात, सर.
फिल्म एका कादंबरीवर आहे म्हणे. ठरलं. त्यांनी फिल्म बघावी, मी मूळ पुस्तक वाचणार.

५ मार्च
लायब्ररीत इंग्लिश भाषांतर मिळालं. ४१२ पानं. रोज पन्नास, नऊ दिवसांत फडशा. नायक लिऊ, बेअरिंगच्या फॅक्टरीतला म्हातारा फोरमन.

११ मार्च
६२ पानं. एमआरटी मेट्रोत उभ्याने वाचलं की मान दुखते. बायको संजीवनी म्हणाली, मोबाइल बघताना बरी दुखत नाही.
लिऊ फार आवडला. नवीन मशीन आलं तरी प्रत्येक बेअरिंग हाताने मोजतो. मीही रिपोर्टची प्रिंट काढल्याशिवाय सही करत नाही.

१८ मार्च, लंचनंतर
ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना आपण होऊन त्यांच्या टेबलावर बसलो. कादंबरी फिल्मपेक्षा किती खोल आहे ते वीस मिनिटं समजावलं. आमच्या बॉस मिस वेई यांनी विचारलं, लिऊ कसा वाटला? म्हटलं, "अख्ख्या फॅक्टरीत काम समजणारा तो एकटाच."
अंकुर नूडल्सकडे बघत बसला. चांगली छाप पडली.

२ एप्रिल
उद्या चारला मिस वेईंच्या केबिनमध्ये बोलावलंय. एचआरही असणार. प्रमोशन दोन वर्षं रखडलंय, तेच. संजीवनीला म्हटलं, आता काँडोतला फ्लॅट बघायला लाग. म्हणाली, आधी उद्याचे चार तर वाजू देत.

३ एप्रिल
माझी टीम अंकुरकडे. माझी जागाच रद्द. शेवटचा दिवस ३० एप्रिल.
अंकुरने लिफ्टपाशी गाठलं. "सर, मी तीनदा सांगितलं होतं, प्रिंट काढणं बंद करा. मिस वेई विचारत होत्या." म्हटलं, तू अजून लहान आहेस.
घरी सांगितलं, रीऑर्गनायझेशन चालू आहे. संजीवनीने फक्त विचारलं, आणि इथे राहायचा पास? म्हटलं, महिन्याभरात दहा ऑफर येतील.

२२ एप्रिल
ऑफर नाही. घरी सगळं सांगावं लागलं. नोकरी सुटली की पास रद्द, मग तीस दिवसांत देश सोडायचा. जाईचं शाळेचं शेवटचं वर्ष अर्धं राहणार. माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. संजीवनी खोकी आणायला गेलीय. सगळा दोष मिस वेईंचा.

६ मे, मंगळवार
फिल्मचा दुपारचा एकच शो उरला होता. गेलो. थिएटरात नऊ माणसं. लिऊ आला की सगळे हसायचे. बेअरिंग मोजताना तो आकडा विसरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, मागे पोरं त्याची नक्कल करतात. आधी मीही हसलो.
शेवटी त्याला काढून टाकतात. फॅक्टरीच्या गेटवर मुलगी छत्री घेऊन उभी असते. दोघं घरी जातात. माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या.
बाहेर बाकावर बसून पुस्तकाची शेवटची पानं वाचली. मधली तीनशे वाचलेलीच नाहीत, इथे लिहायला हरकत नाही. पुस्तकात मुलगी येत नाही. लिऊ अंधार पडेपर्यंत गेटवर थांबतो. मग ट्रक आत घ्यायचा असतो म्हणून वॉचमन त्याला सरकायला सांगतो.
जाईला फोन केला. म्हटलं, स्टेशनवर ये, काहीतरी खाऊ. ती इथल्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "पप्पा, आय गॉट टेस्ट टुमॉरो लाह. यू गो होम फर्स्ट."
घराजवळच्या बुकित बातोक स्टेशनला उतरलो. कार्ड टॅप करून गेटबाहेर आलो आणि तिथेच थांबलो. पाचेक मिनिटं असेन. मागून कोणीतरी एक्सक्यूज मी म्हणालं. मी वाटेत उभा होतो.