तुझा शिलाप वाचला

आई, तुझा स्लॅब वाचला. आधी हे सांगून टाकते, नाहीतर तू मधेच "पुढं बोल गं" म्हणून ओरडशील. आपल्याकडे स्लॅब 'पडला' म्हणजे बांधून झाला. चिंचणीच्या आपल्या आळीत पहिला पडला तो आपल्या घरावर, आणि यंदा तो खरोखरच पाडायची वेळ आली होती.

मी पालघरला सिव्हिलच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाचं आठवतं. घरी येते तर तू गच्चीवर मासे खारवून वाळत घालते आहेस आणि टोपातलं उरलेलं मिठाचं पाणी खुशाल स्लॅबवर ओतते आहेस. मी नव्या शिक्षणाच्या तोऱ्यात ओरडते, "आई, मिठानं आतली सळी गंजते, गंज फुगला की काँक्रीट तडकतं!" तू कमरेवर हात ठेवतेस. "मिठात मासा वरीसभर टिकतो, आन् शिलाप कुजंल? शिकून येडी झाली काय गं?" शेजारची काकू पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून ती तिच्या घरचंही खारं पाणी आणून द्यायला लागली, तुझा शिलाप टिकावा म्हणून. काय माया होती!

तुला जाऊन किती वर्षं झाली. यंदा स्वयंपाकघराच्या छताला तपकिरी भेग पडली आणि एक दिवस काँक्रीटचा टवका थेट भावाच्या कालवणात. तो म्हणाला, "पाडूया आता. आय हाय कुठं बघायला?" मला जेवण गेलं नाही. त्याच स्लॅबच्या समुद्राकडच्या कडेला उभी राहून तू बाबांच्या होडीची वाट बघायचीस. तारापूरच्या साइटवर मी 'हे तोडा, ते तोडा' दिवसभर सांगते, पण इथे आधी हातोडीने नुसतं ठोकून बघायचं ठरवलं. भावाने शिडी धरली, मी छत ठोकत निघाले. स्वयंपाकघरावर, तुझे मासे वाळायचे तिथे, आवाज पोकळ, म्हणजे काँक्रीट आतून सुटलेलं. पुढे समुद्राच्या बाजूला खणखणीत! बीमही शाबूत. मी शिडीवरच हसत सुटले. "आय उभी राहायची तिथला पक्का हाय!" भाऊ खाली डोळे पुसत होता, म्हणे धूळ गेली.

पोकळ भाग फोडला, सळ्या घासल्या, गंजून बारीक झालेल्यांना नवी जोड दिली आणि या वेळी त्यांच्यावर काँक्रीटचं जाड पांघरूण घातलं. पाणी मारलं ते विहिरीचं, गोडं. शेवटच्या दिवशी काकू काठी टेकत गच्चीवर आली. मूठ उघडली, तर आत मीठ. "तुजे आयच्या नावानं, थोडंच," म्हणाली आणि माझ्यादेखत नव्या काँक्रीटवर चिमूटभर टाकलं. मी इंजिनिअर, पण तिला टाकू दिलं.

हे पत्र कुणाकडे देणार? राहू दे माझ्याकडेच. काकू खाली गेल्यावर मी ते मीठ बोटाने टिपून घेतलं. फेकवलं मात्र नाही. जिभेवर ठेवलं.