भाकरी थापली की पेटणारा दिवा

हसनाबाद, ता. भोकरदन
रविवार, दुपार

प्रिय भुजंग,

(पाकिटावर 'श्री. भुजंगराव' लिहिलंय, ते पोस्टमनच्या समाधानासाठी. आत तू भुजंगच.)

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आणि तुझी साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. नाशिकला थंडी फार पडली म्हणे. कानटोपी घालत जा, आता ती शोभायचं वय झालंय. वहिनींना नमस्कार. इकडं तुझ्या वहिनीची, प्रीतीची, शाळा जालन्यात चालू आहे (रिटायर व्हायला तिला अजून तीन वर्षं आहेत, आणि तोवर मी घरात पायात येऊ नये अशी तिची इच्छा आहे), म्हणून मी मास्तरकी संपवून इथं आईजवळ येऊन राह्यलो. फोन केला असता, पण फोनवर तू "हं, हं" म्हणत दुसरंच काम करतोस. म्हणून हे पत्र.

तर मी पुन्हा सर्किट बनवून राह्यलो. हसू नको, कारण ऐक. आईला ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय. कानाचं मशीन आणलं, ते तिनं "डोक्यात रातकिडे वरडतेत" म्हणून डब्यात ठेवून दिलं. दिवाळीआधी मी जालन्याहून आल्तो, तर दाराला आतून कडी. पाऊण तास दार बडवलं. शेवटी मागच्या भिंतीवरून आत उडी मारली (अठ्ठावन्नाव्या वर्षी, पँटचं काय झालं ते विचारू नको), तर आई शांतपणे तुरीची डाळ निवडत बसलेली. मला बघून म्हणाली, "कव्हा आला? बरं झालं. कोणीच येत न्हाई रे आता माझ्याकडं. गाव इसरलं मला."

भुजंग, गाव विसरलं नव्हतं. गाव दारापर्यंत येऊन, हाका मारून, परत जात होतं. शेजारच्या तुळजाबाई एकट्याच आठवड्यात तीनदा परतल्या होत्या. त्याच दिवशी ठरवलं, आईला डोळ्यांनी दिसेल अशी बेल करायची.

आणि मंग आठवला त्र्याऐंशी सालचा पोळा. आपण नववीत. तुमच्या ढवळ्याच्या दोन शिंगांना टॉर्चचे दोन बल्ब, एक पेटला की दुसरा विझणार, आणि सर्किट बिस्किटाच्या डब्यात घालून गळ्यात बांधलेलं. चुलीत तापवलेल्या तांब्याच्या सळईनं तू वायरींना कथलाचा डाग द्यायचास, मी फुंकर घालायचो, आणि घरभर राळेचा वास. (ह्या खेपेला पहिला डाग दिला आणि तोच वास आला.) ढवळ्याला स्वतःच्या डोक्यावर काय चाललंय ते दिसेना, तो नवरदेवासारखा चालत राह्यला. मागचे बैल मात्र वेशीतून उलटे फिरले, त्यातला एक थेट मंडपात. तुझे वडील, साहेबरावकाका, रुमणं घेऊन आपल्या मागं. आईनं दोघांना ज्वारीच्या कणगीमागं दडवलं आणि वर ठेचा-भाकरी दिली. काकांनी सगळं गाव धुंडाळलं, पण तू आमच्या वस्तीत, आमच्या घरात जेवत बसला असशील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. (पुढं तेच काका आमच्या ओसरीत बसून चहा प्यायला लागले. पण त्याला बरीच वर्षं लागली.)

असो. सामान आणायला जालन्याला त्या जुन्या रेडिओवाल्याकडं गेलो. तिथं आता मोबाइलची कव्हरं. गल्ल्यावरचा माणूस ट्रान्झिस्टर हा शब्द ऐकून म्हणाला, "अंकल, ये क्या रहता?" शेवटी कुरियरनं मागवलं. पाकीट उघडलं आणि कळलं की रेझिस्टन्सवरचे, कोणता किती ओहमचा ते सांगणारे, रंगाचे पट्टे मला दिसतच नाहीत. तपकिरी, लाल, नारिंगी, सगळं मला चिखल. पण आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालंय. मी कागदावर तीन रंग रंगवून तिच्यापुढं ठेवले, आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं सुपात घेऊन डाळीसारखे सगळे रेझिस्टन्स निवडून दिले. एकही चुकला नाही.

पहिली बेल आवाजावरची होती. दारावर थाप पडली की आतला माइक ऐकणार आणि चुलीपुढचा दिवा लुकलुकणार. बिलकुल झकास चालली. फक्त माइकला दारावरची थाप आणि भाकरीवरची थाप यातला फरक कळेना. आई भाकरी थापायला बसली, दिवा पेटला. पिठाच्या हातानं उठून दारात गेली, कोणी नाही. परत येऊन थापली, पुन्हा पेटला. चार भाकरी करपल्या. पोरं दार वाजवून पळतेत अशी तिची खात्री झाली आणि ती काठी घेऊन दाराआड उभी राह्यली. तेवढ्यात तुळजाबाई ताक घेऊन आल्या. (लागलं नाही. ताक सांडलं.)

मंग माइक काढला, बाहेर बटन बसवलं. दाबलं की आत लाल-हिरवा, लाल-हिरवा. आता तुळजाबाई ताक नसलं तरी येतात. देवानंद टेलर येतो, भजनी मंडळ येतं, ज्यांचं काही काम नाही तेही नुसतं बटन दाबायला येतात आणि चहा घेऊन जातात. आई कुरकुरते, "ह्या दिव्यानं उच्छाद मांडला," आणि केस विंचरून सकाळपासून तयार बसते. काल मला हळूच म्हणाली, "गावाला काय झालं रे अचानक?"

तब्येतीला जप. उत्तर लिही, दोनच ओळी चालतील.

तुझा,
संघपाल

ता. क. वरच्यातलं 'काल' म्हणजे मागचा सोमवार. मंगळवारपासून बेल बंद आहे. बॅटरी नवी घातली, वायरी बघितल्या, ट्रान्झिस्टरचे पाय उलटसुलट लावून झाले, काही कळेना. बेल चार्जिंगला लावलीय म्हणून आईला सांगितलंय. तुझा मल्टीमीटर घेऊन ये. आणि एका दिवसात पळायचं नाही, आठ दिवस राहा. खरं तर बेल दुरुस्त नाही झाली तरी राहा.

ता. क. दुसरं. आल्यावर बटन दाबू नको, हाक मार. मी दिवसभर उंबऱ्यातच असतो. कोणी आलं की आत पळतो आणि आईपुढं दोन्ही मुठी आलटून पालटून उघडतो, मिटतो. प्रीती विचारते, शनिवारी जालन्याला येणार का. बेलनं उंबरा कसा सोडायचा? आई मात्र खूश आहे. म्हणते, आधीच्यापेक्षा हेच बराबर दिसतं.