दहा टक्के कॉस्टिक

५ फेब्रुवारी

द्रावण किती तीव्र ते मोजायच्या ह्या नॉर्मॅलिटीने नाकी नऊ आणले! सल्फ्युरिक आम्ल एक मोलर असलं की दोन नॉर्मल, आणि हायड्रोक्लोरिक एक मोलर असलं की एकच नॉर्मल. हे म्हणाले, "अगं, एकाकडे द्यायला दोन हायड्रोजन, दुसऱ्याकडे एक. एवढं काय त्यात?" एवढं काय म्हणे! अठरा वर्षं रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतली, ह्यांनी स्टोअरमध्ये आम्लाचे कॅन उचलले — आणि आता दोघं मिळून सहायक केमिस्टच्या परीक्षेला बसतोय. पुढच्या वर्षी दोघंही परीक्षेच्या वयोमर्यादेत बसणार नाही. हीच काय ती संधी.

लेक म्हणते, "नापास झालात तर प्रगतिपुस्तकावर सही मी करीन." आगाऊ कार्टी!

९ फेब्रुवारी

आज पीपीएम. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम म्हणजे एक. हे तीन शून्यं खाऊन बसले. मी हसले, तर वही मिटून फुगून बसले! चहा दिल्यावर उघडली.

१३ फेब्रुवारी

ओट्यावर प्रयोग केला! शंभर ग्रॅम मीठ, नऊशे ग्रॅम पाणी — झालं दहा टक्के. एक किलो द्रावण, म्हणजे लिटरची बाटली भरायला हवी ना? नाही भरली! मग तसंच आणखी थोडं करून लिटर पुरा केला आणि वजन घेतलं. बाटलीचं वजन सोडून एक हजार सत्तर ग्रॅम. म्हणजे त्या लिटरात मीठ शंभर नाही, एकशे सात! घनतेने कशाला गुणायचं ते आज एकदाचं डोक्यात शिरलं. हे दुसऱ्या पाळीला, त्यामुळे कौतुक करायला कुणी नव्हतं.

२१ फेब्रुवारी

पेपर झाला. दहा टक्के कॉस्टिक सोडा, घनता १.११, मोलॅरिटी काढा. २.७८! लिहिताना हसूच आलं.

४ मार्च

निकाल लागला. पास व्हायला पन्नास हवेत. ह्यांना बरोब्बर पन्नास. मला अठ्ठेचाळीस.

उत्तरांचा कागद फळ्यावर लावलाय. कॉस्टिकचं उत्तर २.५! पेपर काढणाऱ्या साहेबांनी घनता धरलीच नाही, आणि माझे दोन मार्क गेले. ह्यांचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. आनंद खरा होता, रडूही खरं होतं.

५ मार्च

हे म्हणतात, अर्ज कर. मी म्हटलं, "साहेबांची चूक काढू? आणि तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"मीही २.७८च. दोघांचे दोन-दोन वाढतील. आण कागद, मी लिहितो. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!"

पायरीपायरीने सगळं मांडलं ह्यांनी — लिटरचं वजन एक हजार एकशे दहा ग्रॅम, त्यात कॉस्टिक एकशे अकरा, भागिले त्याचा रेणुभार चाळीस. खाली मी सही ठोकली.

१२ मार्च

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, बाई. सगळेच पेपर पुन्हा तपासतो." उड्या मारतच घरी आले. लेकीला उचलायला गेले तर पाठच धरली. ह्यांनी शेक दिला.

१५ मार्च

दुरुस्त यादी लागली. मला पन्नास. ह्यांना अठ्ठेचाळीस.

"खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

नसती केली.