दारूकोठाराचं दार

३ फेब्रुवारी
दार मिळालं! वेढ्यात ज्या दारूकोठारात सैनिक कोंडून मारले, तिथेच आमचा प्रयोग — आणि दारही तेच, लोखंडी! पहारेकरी म्हणतो, "साहेब, याला आतून कडी नाही." अरे बाबा, म्हणूनच तर हवंय! प्लायवूडवर युद्ध रंगवणाऱ्यांतला मी नव्हे. कुणाकडे शिकलो नाही, म्हणून कुणाच्या खोट्या सवयीही लागल्या नाहीत.

५ फेब्रुवारी
आमच्या नाटक कंपनीत माणसं मोजकी. कोंडलेला सैनिक म्हणजे एकटा माझा धाकटा भाऊ. बाहेरून कडी घालणारा सेनापती मी. ओला पेंढा पेटवून आत धूर केला — विकतच्या धुराला सेंटचा वास येतो! आमचा धूर झरोक्यातून नीट निघून जातो. स्वतः बघितलं.

बायकोने नियम घातला. खरंच घुसमटलं तर त्याने "दादा" म्हणायचं. नाटकात मी सेनापती, दादा नव्हे. म्हणजे गोंधळ नको. "आणि तुम्ही लगेच कडी काढायची. दाद देत उभं राहायचं नाही!" जीभ आहे की कातर!

८ फेब्रुवारी
सैनिकाची बटणं चकचकीत! वेढ्यात पॉलिश कुठून आलं? डगला चिखलात लोळवला. बायको दिवसभर फुगून.

९ फेब्रुवारी
आज सापडलं! दाराआडून धाकटा "सेनापती, उघडा" ओरडतो, ते पोकळ वाटत होतं. मरणारा माणूस हुद्दा कशाला पुकारेल? शेवटचं वाक्य बदललं — "दादा!" बस्स, एवढंच. म्हणताना त्याचा आवाज असा फुटला की अंगावर काटा आला.

बायको शिवता शिवता थांबली. "अहो, तो खुणेचा शब्द ना? आता खरंच काही झालं तर भावजींनी काय म्हणायचं?"

धाकटा हसला. "वहिनी, मग दादाला शिव्या घालीन. बरोबर कळेल त्याला!"

नवा शब्द उद्या ठरवू.

१० फेब्रुवारी
आज प्रयोग. खुर्च्या कमी पडणार! वारा फिरलाय, झरोक्यातून उलटा आत घुसतोय. बरंच झालं — धूर दाराच्या फटीतून बाहेर येईल, पहिल्या रांगेच्या नाकात जाईल. बायको काहीतरी विचारायला आली होती. मी मिशी चिकटवत होतो. हातानेच "नंतर" म्हटलं.

१६ फेब्रुवारी
तो "दादा, दादा" करत राहिला. कडीवर हात ठेवून मी मनात म्हणत होतो — वा!

संहितेत "दादा" एकदाच आहे.